थोरलीची टेप

धाकटीच्या तंबूतली पिल्लं पुन्हा जगली, ही बातमी थोरलीला कामावरच्या गडबड्याने दिली. पिंजरे धुवायच्या खोलीत तो तोंडभर हसत शिरला, जणू बाळंतपण त्याच्याच घरात झालं होतं.

“सगळीच्या सगळी जगली! आईने एकालाही तोंड लावलं नाही,” तो म्हणाला. “मॅडम काय म्हणाल्या माहितीये? म्हणाल्या, धाकटीच्या हाताला गुण आहे.”

“अरे वा,” थोरली म्हणाली. “छान झालं.”

आणि हातातला पिंजरा तिने असा काही घासायला घेतला, की त्या बिचाऱ्याने तिचं काय घोडं मारलं होतं कोणास ठाऊक.

थोरली आणि धाकटी या सख्ख्या जावा. घरात खालचा मजला थोरलीचा, वरचा धाकटीचा, आणि सासूबाई मर्जीप्रमाणे खाली-वर. हल्ली वरच जास्त. कामावरही दोघी एकाच छताखाली, आणि हा उद्योग थोरलीने आपणहून केलेला. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा घरी बसून कंटाळते म्हणून तिनेच मॅडमकडे शब्द टाकला होता. कपडे कुठे बदलायचे, मास्क कसा बांधायचा, उंदीर शेपटीच्या बुडाशी कसा धरायचा, सगळं तिनेच शिकवलं होतं. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, असं आता तिला रोज वाटे.

संस्था संशोधनाची होती आणि तिच्या तळघरात उंदीर होते. साधे नव्हेत, ज्यांच्या पोटात, कातडीवर, कुठेही एकसुद्धा जंतू नाही असे. माणसाच्या आतड्यात जंतूंची जी जत्रा भरलेली असते तिच्यातला कोणता जंतू काय करतो हे कळायला आधी कोरं पोट लागतं. मग त्यात एकच जंतू सोडायचा आणि काय होतं ते बघत बसायचं. बघत बसायचं काम वरच्या मजल्यावरच्या शास्त्रज्ञांचं. पोट कोरं ठेवायचं काम खालच्यांचं, आणि त्यात थोरलीचा हात धरणारं कोणी नव्हतं.

हे उंदीर तंबूत राहत. तंबू म्हणजे जाड पारदर्शक प्लास्टिकचा, पलंगाएवढा फुगा. आत पिंजऱ्यांची रांग. ब्लोअर गाळलेली हवा सोडून त्याला सतत फुगवून ठेवी, त्यामुळे खोलीत कायम घूं घूं चाललेली. समोरासमोरच्या दोन्ही बाजूंना खांद्यापर्यंतचे रबरी हातमोजे प्लास्टिकलाच जोडलेले. आत काही करायचं तर हात त्यातूनच घालायचा. उघड्या हाताने त्या उंदरांना कधी कोणी शिवलेलं नव्हतं. त्यांचं खाणं, पाणी, अंगाखालचा भुसा, सगळं आधी वाफेच्या भट्टीतून निघे. आत-बाहेर करायला वाट एकच, दोन झाकणांचा बोगदा. एक झाकण आत उघडे, एक बाहेर. बाहेरचं झाकण एकदा उघडलं की बोगद्यात खोलीतली हवा शिरली, जंतू शिरले. मग आत जंतुनाशक फवारायचं, झाकण बंद करायचं, त्यावर आडवी टेप लावून वेळ आणि सही टाकायची, आणि औषधाला त्याचं काम करू द्यायचं. टेप जागेवर असली म्हणजे आतला बोगदा स्वच्छ. मग तंबूतला कचरा बाहेर ढकलायचा असेल तर आतलं झाकण डोळे मिटून उघडावं.

डोळे मिटून, म्हणजे टेप थोरलीची असेल तर. थोरलीची टेप म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. सरळ, काठोकाठ दाबलेली, अक्षर छापल्यासारखं. गडबड्याची टेप मात्र वाकडी, वेळ फिसकटलेली, सहीच्या जागी एक गांडूळ. ती टेप थोरली त्याच्या देखत ओरबाडून काढी आणि पुन्हा फवारे.

“तुझी टेप तुझ्यासारखीच बघ,” ती त्याला म्हणे. “चिकटते कमी, लोंबते जास्त.”

गडबड्या हसून सोडून देई. त्याला राग येत नसे. येत असला तरी तो कुठेतरी ठेवून विसरत असावा.

एवढ्या थोरलीच्या हाताला एकच गोष्ट जमत नव्हती. नव्या जातीचा उंदीर जंतुमुक्त करायचा तर त्याला आईच्या पोटातूनच उचलावं लागतं. बाहेरच्या साध्या गाभण उंदरिणीचं गर्भाशय न फोडता काढायचं, जंतुनाशकाच्या टाकीतून बुडवून तंबूत घ्यायचं, आत फोडून पिल्लं पुसायची, श्वास घ्यायला लावायची, आणि तंबूतल्या एखाद्या नुकत्याच व्यालेल्या उंदरिणीच्या पदरात टाकायची. टाकण्याआधी तिच्याच घरट्यातला भुसा त्यांच्या अंगाला चोळायचा, म्हणजे वास तिचा लागतो आणि परकी पिल्लं ती आपली समजते. समजली तर. नाही समजली तर सकाळी पिंजऱ्यात काही उरत नाही.

थोरलीच्या तंबूत बरेचदा उरत नसे. धाकटीच्या तंबूत मात्र परक्या पिल्लांना कुशीत घेऊन उंदरिणी सुखाने झोपलेल्या असत.

थोरलीने काय काय करून पाहिलं. भुसा जास्त चोळला, कमी चोळला, उंदरीण बदलली. धाकटीला विचारायचं तेवढं तिने केलं नाही. जिला आपण मोजे घालायला शिकवलं तिला काय विचारायचं?

आणि आता तर वेळही अशी होती. शेजारची खोली रिकामी करून तिथे नवे तंबू येणार होते. त्या खोलीचा प्रमुख कोण, हे मॅडम ठरवणार होत्या. मॅडम म्हणजे तिथल्या प्राण्यांच्या डॉक्टर, कमी बोलणाऱ्या, उंच. वर्षभरापूर्वी कोणी विचारलं असतं तर थोरली म्हणाली असती, हा काय प्रश्न झाला? आता तो प्रश्न झाला होता, आणि धाकटीचं नाव घेऊन फिरत होता.

घरीही तेच. सासूबाईंना धाकटीच्या हातचा चहा लागे. लागू दे. पण थोरलीची स्वतःची लेक, ऐन वयात आलेली, घरात पाऊल टाकलं की दप्तर खाली फेकून वर पळे. “काकू, ऐक ना,” हे दोन शब्द जिन्यातून रोज ऐकू येत. आईला ऐकवायला तिच्याकडे काही नसे. विचारलं तर म्हणे, “काही नाही गं, असंच.” असंच म्हणून तासभर काय बोलतात माणसं?

एके दिवशी, धाकटीच्या तंबूसमोर उभी असताना, थोरलीच्या डोक्यात प्रकाश पडला. उंदीर फार चांगले दिसत होते.

हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. जंतुमुक्त उंदीर चांगला दिसत नाही. त्याच्या आतड्याची पिशवी फुगते, पोट लोंबतं, तो पाणी फार पितो, लेंड्या मऊ टाकतो, पिल्लंही कमी. जंतू नुसते आजार देत नाहीत. पचवायला मदतही करतात. ती मदत नसलेला प्राणी जरा मरगळलेलाच असतो. आणि धाकटीचे उंदीर कसे तुकतुकीत होते! आया पिल्लांना चाटत होत्या, पाजत होत्या. दुसऱ्या कुठल्या घरात बाळसं धरणं कौतुकाचं असेल, इथे तो संशय होता. आत काहीतरी शिरलंय, थोरली मनाशी म्हणाली. हाताला गुण वगैरे काही नाही. हिचा तंबू नासलाय आणि कोणाला पत्ता नाही.

किती बरं वाटलं तिला! कित्येक दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

तंबूंची नेहमीची तपासणी वरची प्रयोगशाळा करायची, ठरलेल्या दिवशी. धाकटीचा निकाल प्रत्येक वेळी स्वच्छ. पण थोरलीला धीर कुठला? धाकटी जेवायला गेली की ती त्या तंबूच्या मोज्यांत हात घाली, दोन लेंड्या छोट्या नळीत टाकी, आतलं झाकण उघडून नळी बोगद्यात ठेवी, झाकण लावून बाहेरच्या बाजूने काढून घेई. मग बोगदा रीतसर फवारून नवी टेप लावी. पिंजऱ्यांच्या खोलीमागे एक जुना सूक्ष्मदर्शक होता. लेंडी पाण्यात कालवायची, काचेवर पसरायची, रंग द्यायचा आणि डोळा लावायचा. लोक फावल्या वेळात काय काय करतात, ही बाई जावेच्या उंदरांच्या लेंड्या बघत बसली.

काही सापडलं नाही. खाण्यातून आलेले मेलेल्या जंतूंचे फिके ठिपके होते, पण तेवढे तर तिच्या तंबूतही असत. आठवड्याने पुन्हा पाहिलं. पुन्हा तेच.

“तुझा बोगदा मी परत फवारून ठेवलाय गं,” तिने धाकटीला सांगितलं, कारण नवी टेप दिसणारच होती. “खबरदारी म्हणून.”

“ताई, किती बघता हो माझ्याकडे,” धाकटी म्हणाली, आणि तिचे डोळे खरोखर भरून आले. तिचे डोळे भरायला फार काही लागत नसे. थोरलीला त्याचाही राग आला.

तिसऱ्या वेळी घोटाळा झाला. त्या दिवशी बोगद्यावरची टेप थोरलीचीच होती, सकाळी पाळीप्रमाणे तिनेच लावलेली. तिने टेप हलकेच उचकटून बाहेरचं झाकण उघडलं, नळी काढली, झाकण लावलं, आणि फवाऱ्याकडे हात नेला तोच बाहेर गडबड्याच्या गाडीची खडखड. जेवणाच्या वेळी धाकटीच्या तंबूपाशी तू काय करतेस, असं तो सहज विचारेल आणि त्याहून सहज साऱ्या तळघराला सांगेल. थोरलीने नळी खिशात टाकली, आणि तीच जुनी टेप होती तशी झाकणावर दाबून बसवली. काठोकाठ.

टेप सोडून दिली असती तरी बिघडलं नसतं. बिनटेपेचा बोगदा अस्वच्छ, हे तिथे सगळ्यांना कळे. धाकटीने आपला फवारून घेतला असता. पण बिनटेपेच्या बोगद्यात कोणीतरी हात घातलाय, हेही सगळ्यांना कळे.

नंतर येऊन फवारते, ती मनाशी म्हणाली. मग मागच्या खोलीत जाऊन तिने काच पाहिली. स्वच्छ. एक जिवंत जंतू नाही. थोरलीला इतका संताप आला की तिने काच कचऱ्याच्या डब्यात भिरकावली. म्हणजे काही नासलेलं नव्हतं. म्हणजे त्या उंदरिणी खरंच धाकटीच्या हातून पिल्लं घेत होत्या. त्या संतापात ती आपल्या तंबूकडे गेली, तिथे पाण्याच्या बाटल्या बदलल्या, गडबड्याला दोन शब्द सुनावले, कपडे बदलून घरी आली, आणि जेवायला बसली तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे ती टेप आली.

घास हातातच राहिला. वर जायला जिना एक. “अगं, उद्या बोगदा उघडू नकोस, मी आधी फवारते,” एवढं म्हटलं की काम झालं. कारण विचारलंच तर काहीतरी थाप मारता आली असती.

ती जिना चढून गेली. दार अर्धं उघडं होतं. आत लेक काकूच्या मांडीवर डोकं टाकून पडली होती, आणि रडत होती. कशासाठी कोण जाणे. शाळेतलं काही असेल, मैत्रिणीचं असेल. धाकटी तिच्या केसांतून हात फिरवत होती. सासूबाई बाजूला बसून लेकीचे पाय थोपटत होत्या. तिघींचं मिळून एक घर पुरं झालं होतं, तिच्यावाचून.

माझी पोर रडतेय आणि मला माहीत नाही, थोरलीला वाटलं. ही कोण तिचे डोळे पुसणारी?

ती आली तशी जिना उतरली. सकाळी लवकर जाऊन फवारू, तिने ठरवलं, आणि भांडी आवरली.

सकाळी ती खरंच लवकर निघाली. पण धाकटी तिच्याही आधी गेली होती. जुना भुसा साचलाय म्हणत होती, सासूबाई म्हणाल्या. थोरली धापा टाकत तळघरात पोचली, कपडे बदलले, मास्क बांधला. काचेच्या दारातून तिने पाहिलं. धाकटीचे हात खांद्यापर्यंत मोज्यांत होते, आतलं झाकण उघडं होतं, आणि भुशाच्या पिशव्या एकेक करून बोगद्यात जात होत्या. धाकटीने मान वर करून डोळ्यांनी हसून पाहिलं. थोरलीनेही मान हलवली. आत शिरून, थांब म्हणायला आता उशीर झाला होता. निदान खरं सांगायला तरी झाला नव्हता. पण ती आपल्या तंबूकडे वळली.

पुढच्या तपासणीत धाकटीच्या तंबूत जंतू सापडला. खोलीतल्या हवेत, धुळीत असतो तसला, अगदी मामुली. पण कोऱ्या पोटात मामुली काही नसतं. नमुना पुन्हा घेतला, पुन्हा सापडला.

हे ऐकल्यावर थोरलीला आधी आनंद झाला. लाजिरवाणी गोष्ट आहे, पण झाला. दोन पावलं चालेपर्यंत तो टिकला. मग तिला आपली टेप आठवली.

तंबू नासला की त्यातला एकही उंदीर ठेवत नाहीत. मॅडमनी ते काम स्वतः केलं आणि धाकटीला बाहेर थांबवलं. धाकटी कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसून होती. रडत नव्हती. तिचं न रडणं थोरलीला नवीन होतं.

“ताई, माझं काय चुकलं?” तिने विचारलं. “मोजे तपासले होते, भोक नव्हतं. बोगद्यावर टेप होती. तुमची होती, म्हणून मी दुसरा विचारसुद्धा केला नाही. मग माझ्याच हातून काहीतरी… तुम्ही शिकवलंत मला, तुम्हीच सांगा ना.”

“होतं असं कधीकधी,” थोरली म्हणाली.

नवी खोली आता थोरलीलाच मिळणार, हे तळघरात न बोलता ठरून गेलं. गडबड्याने तर अभिनंदनही केलं. जे हवं होतं ते असं ताटात वाढून आलं, आणि घास काही उतरेना.

त्यातच दुसरं काम येऊन पडलं. एका दुर्मीळ जातीच्या शेवटच्या गाभण उंदरिणीचे बाहेर दिवस भरत आले होते. तिची पिल्लं धाकटीच्या तंबूत जायची होती. आता त्या दिवसांत व्यालेली उंदरीण फक्त थोरलीच्या तंबूत उरली होती. जिथे आया पिल्लं खातात, त्या तंबूत.

“तंबू तुझा,” मॅडम थोरलीला म्हणाल्या. “पण पिल्लं धाकटीने हाताळावी. तू समोरून मदत कर.”

एवढं झाल्यावरही धाकटीच! उंदीर मेले, तंबू गेला, तरी त्या हाताचा गुण काही जाईना. आपल्या मोज्यांत दुसरीचे हात शिरणार, या विचाराने थोरलीचा नुसता जळफळाट झाला. पण मॅडमपुढे कोण बोलणार?

गर्भाशय टाकीतून बुडून आत आलं. मॅडम बाहेरचं आवरायला गेल्या. तंबूच्या एका बाजूला थोरली, दुसऱ्या बाजूला धाकटी, दोघींचे हात खांद्यापर्यंत आत, मध्ये फुगलेलं प्लास्टिक. थोरलीने कात्रीने पिशवी उघडली. पिल्लं बोटाच्या पेरापेक्षा लहान, गुलाबी कसली, करडी होती. श्वास घेईपर्यंत एकेकाला पुसत, हळूच दाबत राहायचं असतं. तो गुलाबी रंग हातांनी आणावा लागतो.

धाकटीचे हात थरथरत होते. पहिलं पिल्लू तिने उचललं, पुसलं. ते तिच्या हातून भुशात पडलं. तिने पुन्हा उचललं. ते हललं नाही. दुसरं घेतलं.

“मला नाही जमणार ताई,” ब्लोअरच्या आवाजातून ती म्हणाली. “माझ्या हातांचा भरवसा वाटत नाही आता. तुम्ही घ्या. माझ्या हातून हीही मरतील.”

थोरलीने समोर पाहिलं. करड्या पिल्लांची रास पडली होती आणि ते हात थरथरत होते, ज्यांच्यावर ती वर्षभर जळली होती. आता ते कामातून गेले होते, आणि ते तिने घालवले होते. हेच तर हवं होतं ना? नव्हतं. असं नव्हतं.

“तुझ्या हातून काही चुकलेलं नाही,” ती म्हणाली. “तुझ्या माघारी मी तुझा बोगदा उघडला होता. नमुना काढायला. तुझे उंदीर नासलेत असं मला वाटत होतं… नासलेले असावेत असं वाटत होतं. गडबड्या आला, म्हणून न फवारता जुनीच टेप परत चिकटवली. रात्री सांगायला वर आले होते. नाही सांगितलं.”

धाकटीने मान वर केली नाही. पण तिचे हात हळूहळू थांबले. हातातलं पिल्लू तिने नीट धरलं, बोटाच्या टोकाने त्याच्या छातीवर अलगद दाबलं, सोडलं, दाबलं, सोडलं, आणि ते तोंड उघडून गुलाबी झालं. तिने त्याला भुशात घोळवून बाजूला ठेवलं. पुढचं घेतलं. थोरली पुसून देत गेली, ती घेत गेली. घरट्याजवळ नेऊन तिने आधी त्या आईला स्वतःच्या मोज्याचा वास घेऊ दिला, बराच वेळ, नुसतं धीर धरून. मग तिचीच पिल्लं जरा बाजूला सारून ही मध्ये सरकवली, आणि सगळ्यांवर भुसा पसरला. एवढंच होतं तर ते. घाई न करणं.

सगळं झाल्यावर ती बोलली.

“हे आत्ता सांगितलंत,” धाकटी म्हणाली, “कारण माझे हात आत अडकलेत.”

ते खरं होतं. बाकावर बसलेल्या, हात मोकळे असलेल्या धाकटीला तिला सांगता आलं नव्हतं.

“मॅडमना तुम्ही सांगताय की मी सांगू?”

“मी सांगते.”

तिने सांगितलं. मॅडम नेहमीसारख्याच कमी बोलल्या, आणि त्या कमीतलं प्रत्येक वाक्य थोरलीला आजही पाठ आहे. नोकरी राहिली. नवी खोली धाकटीला मिळाली.

पिल्लं जगली. त्या आईने त्यांना पोटाशी घेतलेलं पाहून थोरलीला बरं वाटलं, आणि त्याच क्षणी, माझ्या हातून घेतली असती का, हेही वाटून गेलं. सवय अशी एका रात्रीत थोडीच जाते?

घरी धाकटीने चकार शब्द काढला नाही. सासूबाईंना काही कळलं नाही, लेकीलाही नाही. लेक वर जात राहिली. फक्त जिन्यात गाठ पडली की धाकटी आता “ताई” म्हणत नसे. “जाऊबाई” म्हणे, नीट आदराने, आणि बाजूला होऊन वाट देई. भांडली असती तर थोरलीने ते गोडीने ऐकून घेतलं असतं.

नव्या खोलीत तंबू लागले. थोरली तिथेच काम करू लागली, धाकटीच्या हाताखाली. ती पूर्वीसारखीच नेटकी फवारी, टेप लावी, काठोकाठ दाबी, छापल्यासारखी वेळ टाकी. धाकटी कचरा काढायला आली की बोगद्यासमोर उभी राही, टेप वाची, सही पाही, आणि सावकाश टेप सोलून काढी. मग झाकण उघडून पुन्हा फवारी, झाकण लावी, आपली टेप लावी, आणि औषधाचा वेळ पुरा होईपर्यंत स्टुलावर बसून राही. रागाने नाही. थोरलीकडे बघतही नसे. प्रत्येक वेळी, न चुकता.

एकदा थोरली समोरच्या तंबूत बाटल्या बदलत होती. धाकटीने तिची टेप काढली, फवारलं, वेळ भरेपर्यंत बसली, काम उरकलं आणि पुढच्या तंबूकडे गेली. त्या बोगद्यावर गडबड्याची टेप होती. वाकडी, एक टोक सुटून लोंबत असलेली, वेळ फिसकटलेली, सहीच्या जागी गांडूळ. धाकटीने ते गांडूळ वाचलं, लोंबतं टोक अंगठ्याने जरासं दाबून बसवलं, मोज्यांत हात घातले आणि आतलं झाकण उघडलं.

थोरली बाटली हातात धरून बघत राहिली. आयुष्यात तिला पुष्कळांचा हेवा वाटला होता. गडबड्याचा त्या दिवशी पहिल्यांदा वाटला.